थोरला इंग्रजीत, धाकटी झेडपीत?

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका आईचे पत्र आले आहे. पत्र मोठे आहे, त्यातील मुख्य भाग असा:

"माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो. गावापासून १४ किलोमीटरवर महामार्गालगत असलेल्या इंग्रजी शाळेत त्याला नर्सरीपासून घातले आहे. फी ३२ हजार, बसचे ११ हजार आणि पुस्तके, गणवेश, बूट धरून वर्षाला ५० हजारांच्या आसपास खर्च होतो. मुलगी येत्या ऑक्टोबरमध्ये सहा वर्षांची होईल, तिला जूनमध्ये पहिलीत घालायचे आहे. आमचे खत-बियाण्यांचे दुकान आहे. सोयाबीनला भाव नाही, त्यामुळे शेतकऱ्यांकडची उधारी अडकून पडली आहे. सासूबाई म्हणतात, 'पोरीच्या जातीला एवढा पैसा कामून घालायचा? गल्लीतल्या झेडपीत घाला.' यजमान गप्प आहेत, म्हणजे त्यांनाही तेच पटत असावे. मुलगा एका शाळेत आणि मुलगी दुसऱ्या, हे मला सहन होत नाही. पण खरे सांगायचे तर मुलाचेही फार बरे चालले आहे असे नाही. आजीला पेपर वाचून दाखव म्हटले तर अडखळतो. इंग्रजी धडा घडाघडा म्हणतो, अर्थ विचारला की 'ट्यूशनच्या मॅडमना विचार' म्हणतो. गावात एक जुनी अनुदानित शाळाही आहे, पहिलीपासून दहावीपर्यंत, पाचवीपासून सेमी. मी बारावी झाले आहे. मी काय करू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. घरात मुलीला कमी लेखले जात आहे, हा एक, आणि मुलीसाठी कोणती शाळा चांगली, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर तुमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. 'पोरीच्या जातीला' हे कारण ज्या घरात चालते त्या घरात ते पहिलीच्या प्रवेशावर थांबत नाही, पुढे सायकलीला, कॉलेजला आणि वसतिगृहालाही तेच लागू होते, म्हणून त्याला आताच अडवले पाहिजे. पण चुकीच्या कारणासाठी कोणी एखादी शाळा सुचवली, एवढ्यावरून ती शाळा चुकीची ठरत नाही. सासूबाईंना हरवण्यासाठी तुम्ही मुलीला महामार्गावरच्या शाळेत घातलेत आणि दोन वर्षांनी तीही भावासारखीच अर्थ न कळता धडा म्हणू लागली, तर न्याय झाला असे म्हणता येईल का? समान वागणूक म्हणजे दोन्ही मुलांना एकच मोजपट्टी लावणे. ती पट्टी कोणती असावी हे आधी ठरवू, घरातल्या बोलण्याकडे मग येऊ.

सुरुवात कागदपत्रांपासून करू, कारण ते काम एका सकाळचे आहे. मुलगी ऑक्टोबरमध्ये सहा वर्षांची होते. आपल्या राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबर रोजी सहा वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे वयाची अडचण नाही. तिन्ही शाळांचा ११ अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, मागून घ्या. महाराष्ट्रातील शाळांचा क्रमांक २७ पासून सुरू होतो. महामार्गावरच्या शाळेच्या फलकावर 'सीबीएसई' लिहिले आहे की 'सीबीएसई पॅटर्न', हे नीट वाचा. मंडळाशी संलग्न असलेल्या शाळेला संलग्नता क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. 'पॅटर्न' या शब्दाला मात्र कायद्यात काही अर्थ नाही. अशा अनेक शाळा राज्य सरकारच्या स्वयंअर्थसहाय्यित मान्यतेवर चालतात, आणि त्यात गैर काही नाही, परंतु आपण पैसे कशाचे मोजतो आहोत हे पालकांना माहीत असावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवताच येत नाही. पुढे नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या परीक्षेला बसवायचे मनात असेल तर तिसरी ते पाचवी मान्यताप्राप्त शाळेतच झालेली लागते, हेही लक्षात असू द्या. कोणत्याही शाळेने मुलीची किंवा तुमची मुलाखत अथवा चाचणी घेऊन प्रवेश ठरवतो म्हटले, तर कलम १३ प्रमाणे त्याला बंदी आहे आणि पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांबद्दल तुम्ही विचारलेले नाही. दुकानाचे उत्पन्न पाहता दुर्बल घटकासाठीच्या वार्षिक एक लाखाच्या मर्यादेत तुम्ही बसण्याची शक्यता कमी वाटते. वंचित घटकातील कुटुंबांसाठी निकष वेगळे आहेत, ते लागू होत असतील तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात लगेच चौकशी करा, कारण अर्जाची मुदत आणि सोडत जूनच्या बरीच आधी असते.

आता खरे काम. तिन्ही शाळा तुम्ही स्वतः बघून या, आणि त्या गॅदरिंगच्या दिवशी किंवा प्रवेशाच्या जाहिरातीत दिलेल्या दिवशी बघू नका. एखाद्या साध्या मंगळवारी, अकराच्या सुमारास जा. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा मिळाला तर जरूर घ्या, पण तेथे सांगितले जाईल ते ऐकून परत येऊ नका. पहिली आणि दुसरीचा वर्ग पाहायची परवानगी मागा. ती न देण्याचे कारण शाळा कसे सांगते, यावरूनही बरेच कळते.

दुसरीच्या वर्गात गेल्यावर वह्या पाहा. तुमच्या निर्णयाला जेवढी मदत पाच वह्या करतील तेवढी माहितीपुस्तिका करणार नाही. पाचही वह्यांत त्याच तारखेला तेच वाक्य, तसेच वळण आणि खाली लाल शाईने 'गुड' असेल, तर मुले फळ्यावरचे उतरवून घेत आहेत. एखाद्या वहीत 'आमची मैस काल याली' असे चुकलेले पण मुलाचे स्वतःचे वाक्य असेल आणि खाली बाईंनी 'म्हैस' आणि 'व्याली' दुरुस्त करून दिले असेल, तर त्या वर्गात लिहिणे शिकवले जात आहे. अशी अशुद्ध पाने असलेली वही पालकांना आवडत नाही, आणि शाळांना ते माहीत असते. म्हणूनच स्वच्छ, एकसारख्या, चुका नसलेल्या वह्या पाहून पालक हुरळतात. तुम्ही हुरळू नका. वर्गातला एखादा मुलगा गणित करत असेल तर हातच्याची वजाबाकी कशी करतो ते विचारा. उत्तर चुकले तरी चालेल, पण 'दशकाकडून एक उसना घेतला' एवढे त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितले पाहिजे.

मग एखाद्या मुलीला न पाहिलेले काहीतरी वाचायला द्या. पाठ्यपुस्तक नको, ते पाठ असते. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीतही कार्यकर्ते मुलांच्या घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा एक छोटा उतारा वाचायला देतात. तुम्हाला उतारा शोधायचीही गरज नाही. झेडपीच्या आणि अनुदानित शाळेत पोषण आहाराचा आठवड्याचा फलक भिंतीवर लावलेला असतो, तोच वाचायला सांगा. इंग्रजी शाळेत हीच कसोटी इंग्रजीतून घ्या. 'व्हॉट इज युअर नेम' विचारू नका, त्याचे उत्तर नर्सरीतले मूलही देते. 'काल तुमच्या घरी कोण आले होते?' हा साधा प्रश्न इंग्रजीत विचारा. दुसरीतले मूल मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना उत्तर देत असेल, तर ती शाळा भाषा शिकवते आहे. ते बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले, तर तुमच्या मुलाचे जे झाले तेच तेथे सगळ्यांचे होत आहे आणि त्यात मुलाचा काहीही दोष नाही.

माध्यमाबद्दल माझे मत लपवत नाही. घरात जी भाषा बोलली जात नाही त्या भाषेतून सहा वर्षांच्या मुलाला वाचन आणि गणित एकदम शिकवणे हा दुहेरी भार आहे, आणि तो पेलायला घरी इंग्रजी बोलणारे कोणी तरी असावे लागते. जेथे तसे कोणी नसते तेथे ती जागा ट्यूशन घेते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असेच म्हटले आहे. मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत वरचे शिक्षण उर्दूतून होते. आपल्या पणजोबा-आजोबांच्या पिढीतील हुशार मुलेही भाषेच्या उंबऱ्यावर अडली, आणि म्हणून हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा किंवा अंबाजोगाईची योगेश्वरी यांसारख्या संस्था लोकांनी पदरमोड करून उभ्या केल्या. त्याच आजोबांच्या नातवंडांनी आता स्वखुशीने तसाच उंबरा फी भरून ओलांडायला घ्यावा, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. इंग्रजी नको असे मी म्हणत नाही. आपल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय आहे. पायाचे वाचन मराठीत पक्के करून पाचवीला सेमीत गेलेली मुले गणित आणि विज्ञान इंग्रजीतून पेलतात, याचा अनुभव तुमच्या गावच्या जुन्या शाळेत विचारलात तर मिळेल. उलट तुमच्या मुलाच्या शाळेत मराठीला आठवड्यात किती तास आहेत, हेही विचारा. २०२० च्या कायद्यानुसार राज्यातील कोणत्याही मंडळाच्या शाळेत मराठी शिकवणे सक्तीचे आहे, आणि चौथीतला मुलगा आजीला बातमी वाचून दाखवू शकत नसेल तर तो विषय केवळ वेळापत्रकात आहे असे समजावे.

यानंतर शिक्षकांकडे वळू. माझ्या मते प्राथमिक शाळा निवडणे म्हणजे पहिलीचे शिक्षक निवडणे. बाकीचे पुष्कळ काही नंतर भरून निघते, पण पहिलीत मुलाच्या मनात बसलेली शाळेची भीती लवकर निघत नाही. कायद्यानुसार प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. मात्र एकूण पट ६० पर्यंत असेल तर पहिली ते चौथीला मिळून दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एका खोलीत दोन वर्ग बसतात. झेडपीत तसे असेल तर घाबरू नका, पण गुरुजी पहिलीला शिकवत असताना दुसरीची मुले काय करतात ते बघा. ती स्वतःहून गटात काही वाचत किंवा मणी-काड्या घेऊन मोजत असतील तर शिक्षक जाणकार आहेत. ती नुसती हाताची घडी घालून बसली असतील तर वर्षातला निम्मा वेळ असाच जाणार आहे. झेडपीच्या शिक्षकांच्या बदल्या होतात, ही खरी अडचण आहे. म्हणून आताच्या बाई तेथे किती वर्षे आहेत आणि त्यांची बदली लवकर होण्यासारखी आहे का, हे मोकळेपणाने विचारा, त्या सांगतील. खासगी शाळेत वेगळा प्रश्न विचारा: गेल्या वर्षी पहिलीला ज्या मॅडम होत्या त्या आज शाळेत आहेत का, आणि त्यांचे डी.एड. झालेले आहे का? तुटपुंज्या पगारावर ठेवलेल्या मॅडम जून ते दिवाळीत बदलत असतील, तर वातानुकूलित वर्गाचा काही उपयोग नाही.

झेडपीबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाटच्या झेडपी शाळेतील मुले जपानी भाषा शिकू लागली, तेव्हा सगळीकडे तिचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण त्यावरून तुमच्या गल्लीतल्या शाळेबद्दल काहीच सिद्ध होत नाही, तसेच तेथे कधीकाळी छप्पर गळत होते यावरूनही होत नाही. तुमच्या पत्रात एका ठिकाणी 'तिथं कोणाची लेकरं जातात' असे सासूबाईंचे आणखी एक वाक्य आहे, त्याबद्दल मला स्पष्ट बोलले पाहिजे. तेथे उसतोडीला जाणाऱ्यांची, हमालांची, भाजी विकणाऱ्यांची मुले जातात, म्हणजे तुमच्या दुकानात उधारीवर बियाणे नेणाऱ्यांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची. त्यांच्यासोबत बसल्याने मुलगी बिघडेल अशी भीती असेल तर ती सोडा. चौकशी करण्यासारखा प्रश्न दुसराच आहे. दिवाळीच्या सुमारास काही मुले आईवडिलांबरोबर कारखान्यावर जातात आणि पाडव्याच्या आसपास परत येतात. या मुलांना बाई पुन्हा वर्गात कसे सामावून घेतात, हे पाहा. जी बाई सहा महिने बाहेर राहून आलेल्या मुलाला मागे बसवून विसरत नाही, ती तुमच्या मुलीलाही विसरणार नाही.

मुलगी आहे म्हणून एक गोष्ट जास्त काळजीने पाहावी लागते, आणि ती पाहायला पुरुष मंडळी जात नाहीत, म्हणून तुम्हालाच सांगतो. मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जाऊन या. कायद्याने मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे हवीत आणि बहुतेक शाळांत ती बांधलेली असतात, पण बांधलेले आणि उघडे असलेले यांत फरक आहे. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते ते विचारा. आतली कडी सहा वर्षांच्या मुलीच्या हाताला पोहोचते का, ती सरकते का, दार आतून लावल्यावर उजेड येतो का, बादलीत पाणी आहे का आणि पाणी घ्यायचा मग साखळीला बांधलेला आहे की हरवलेला, हे बघा. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये टाकी आटते, तेव्हा शाळा पाण्याचे काय करते हे शिपाईमामांना विचारा, त्यांचे उत्तर मुख्याध्यापकांच्या उत्तरापेक्षा खरे असते. जेथे जायला लाज किंवा भीती वाटते तेथे मुली जात नाहीत. त्यासाठी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मराठवाड्याच्या उन्हात त्याचे परिणाम लघवीच्या जळजळीपासून चक्करपर्यंत होतात. आया त्याला 'शाळेची नाटके' समजतात. शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, तिच्या सदस्यांची नावे फलकावर लावली आहेत का, हेही त्याच फेरीत पाहून घ्या. छडी किंवा अंगठे धरून उभे करणे चालू असेल तर ती शाळा यादीतून काढून टाका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि 'आमच्या वेळी मारायचेच' हे त्याचे उत्तर होत नाही.

अंतराबद्दल थोडक्यात सांगतो. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एका किलोमीटरच्या आत असावी असे धरले आहे, तुमची बस १४ किलोमीटर जाते. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय २०२४-२५ पासून लागू आहे. तरी बस गावभर फिरत असेल तर मुलीला घरातून केव्हा निघावे लागेल आणि ती केव्हा परतेल, हे मुलाच्या रोजच्या वेळेवरून तुम्हाला ठाऊकच आहे. मुली असलेल्या शालेय बसमध्ये महिला मदतनीस लागते. ती प्रत्यक्षात असते का, की क्लीनर मुलांना उचलून चढवतो, हे स्टॉपवर उभे राहून पाहा. दुपारी ताप आला तर तुम्ही पायी दहा मिनिटांत पोहोचाल अशी शाळा पहिलीत फार मोलाची असते.

हे सगळे पाहून आल्यावर निर्णय तुमचा. पण तुम्ही मत विचारले आहे, तर तुमच्या पत्रावरून माझा कौल असा आहे. महामार्गावरच्या शाळेचा निकाल तुमच्या घरातच, चौथीतल्या मुलाच्या रूपाने, उपलब्ध आहे आणि तो चांगला नाही. तेव्हा मुलीला तेथे घालू नका. गल्लीतली झेडपी आणि जुनी अनुदानित शाळा यांपैकी जेथे पहिलीच्या बाई चांगल्या दिसतील ती निवडा. दोन्ही सारख्या वाटल्या तर अनुदानित शाळा घ्या, कारण पाचवीला शाळा बदलावी लागणार नाही. अनुदानित शाळेतील प्रवेश लवकर भरतात, म्हणून चौकशीला मेची वाट पाहू नका. झेडपीतील बाई स्पष्टपणे सरस असतील तर मात्र पाचवीचा विचार आज करू नका, चौथीनंतर सेमीत जाता येते. झेडपी निवडलीत तर शाळा व्यवस्थापन समितीसाठी तुमचे नाव जरूर द्या. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. बारावी झालेली, दुकानाचा हिशेब कळणारी आई तेथे हवीच असते. खासगी शाळेत ५० हजार भरूनही वर्गात डोकावण्याचा जो अधिकार तुम्हाला इतक्या वर्षांत मिळाला नाही, तो येथे तुम्हाला कायद्याने मिळतो.

आता घरातल्या बोलण्याकडे येतो. सासूबाईंशी वाद घालू नका. यजमानांशी बोला, दुकान बंद झाल्यावर, हिशेबाची वही समोर असताना बोला. 'तुम्हाला मुलगी नकोशी आहे' असे म्हणू नका, कारण ते म्हणतील 'मी कधी तसे म्हटले?' आणि विषय तेथेच संपेल. त्यांना सांगा की मुलीला गावातल्या शाळेत घालायला तुम्ही तयार आहात, पण स्वस्त आहे म्हणून नाही, ती शाळा पाहून, पारखून पसंत केली म्हणून. याचा पुरावा म्हणून दोन गोष्टी मागा.

पहिली मागणी पैशाची. मुलीच्या नावाने सुकन्या समृद्धीचे खाते नसेल तर टपाल कार्यालयात किंवा बँकेत उघडा. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत ते उघडता येते, वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात, पैसे १५ वर्षे भरायचे असतात, आणि मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर उच्च शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मुलावर वर्षाला ५० हजार जातात. तेवढेच मुलीच्या खात्यावर टाकावेत असे आज म्हणणे व्यवहाराला धरून होणार नाही, कारण उधारी अडकलेली आहे हे तुम्हीच लिहिले आहे. पण महिन्याला हजार किंवा दोन हजार, हंगामात उधारी वसूल झाली की थोडे जास्त, असे ठरवून घ्या आणि ते पासबुकावर दिसू द्या. पुढे ती बारावी झाल्यावर 'हिच्या शिक्षणाला पैसा कुठून आणायचा' हा प्रश्न घरात उठू नये, याची तजवीज आज होऊ शकते. शिवाय वर्षाला हजार-दीड हजार रुपयांची गोष्टींची पुस्तके घरात यावीत, मराठी आणि सोपी इंग्रजी दोन्ही. ती मुलालाही लागणार आहेत.

दुसरी मागणी मुलाबद्दलची आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. जी मोजपट्टी मुलीसाठी वापरली ती मुलालाही लावा. वर सांगितलेली वाचनाची आणि वजाबाकीची कसोटी घरी त्याचीच घेऊन बघा, न रागावता, शांतपणे, यजमानांच्या देखत. तो जूनमध्ये पाचवीत जातो आणि जुन्या शाळेत सेमी पाचवीपासूनच सुरू होते, त्यामुळे शाळा बदलायची असेल तर याच्याइतकी सोयीची वेळ पुन्हा येणार नाही. बदलायचे ठरलेच तर या सुट्टीत ट्यूशन बंद करून त्याला रोज अर्धा तास मराठी वाचायला बसवा, आणि ऐकायला आजीलाच बसवा. पहिल्या महिन्यात तो रडेल, मित्र तुटले म्हणून रुसेल. त्याला दोष देऊ नका आणि 'तुझ्यावर एवढे पैसे घातले' हे वाक्य घरात कोणालाही उच्चारू देऊ नका. बदलायचे नाही असे ठरले तर त्याची कारणे मुलीच्या शाळेबाबतही लागू पडतात की नाही, ते यजमानांनी सांगावे. मग चर्चा खरी सुरू होईल.

प्रवेशाच्या दिवशी एक काम तुम्ही स्वतः करा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये मुलीचे नाव, वडिलांचे आणि तुमचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात यांची नोंद जन्मदाखल्याप्रमाणे अक्षरन् अक्षर जुळते का, ते लिपिकाच्या शेजारी उभे राहून वाचा आणि आधारवरचे स्पेलिंगही तेच ठेवा. पुढे शाळा सोडल्याचा दाखला, जातप्रमाणपत्र, शिष्यवृत्ती, सगळे याच नोंदीवरून निघते. आज चुकलेली एक वेलांटी दहावीनंतर दुरुस्त करायला तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी महिनोन्महिने खेटे घालावे लागतात.